गडावर, जंगलात रांधायला टोप कसला न्यावा? वजन, धातू आणि कोकमाचा हिशोब

पावसाळा सरला की सिंधुदुर्गात गडकिल्ल्यांवर जाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. कोणी नारूरमार्गे रांगण्यावर चढतं, कोणी शिवापूरकडून मनोहर-मनसंतोषगडाला जातं, कोणी आंबोलीच्या जंगलात मुक्कामाला. गडाची साफसफाई करणारी गावातली पोरं, शाळेची स्काऊटची पथकं, पर्यटकांना वाट दाखवणारे स्थानिक गाईड, या सगळ्यांना एक प्रश्न पडतोच: वर जेवण करायचं तर भांडी कुठली न्यायची?

बहुतेक वेळा घरातला हाताला येईल तो टोप पाठीवर बांधला जातो. मग कधी भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, कधी जड पितळी भांड्याने खांदा दुखतो, तर कधी जर्मनच्या टोपात कोकमाचं सार रात्रभर राहतं आणि सकाळी त्याला धातूची चव लागते. यातल्या काही चुका नुसत्या गैरसोयीच्या आहेत, काही मात्र तब्येतीवर येणाऱ्या आहेत. म्हणून भांडं निवडताना काय बघायचं, ते इथे एकेक करून दिलं आहे.

आधी वजनाचा हिशोब

भांड्याचं वजन दोन गोष्टींवर ठरतं: धातू कुठला आणि पत्रा किती जाड. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम भरतं. तेवढंच टायटॅनियम 4.5 ग्रॅम, स्टेनलेस स्टील सुमारे 7.9 ग्रॅम आणि पितळ सुमारे 8.5 ग्रॅम. म्हणजे सारख्या जाडीचा स्टीलचा टोप ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड.

पण बाजारात सगळी भांडी सारख्या जाडीची नसतात. 16 सेंटिमीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असा दोन लिटरचा टोप घेतला आणि झाकण सोडून हिशोब केला, तर वजन असं येतं:

- ॲल्युमिनियम, 1 मिलिमीटर पत्रा: साधारण 190 ग्रॅम
- स्टेनलेस स्टील, अर्धा मिलिमीटर पत्रा: साधारण 280 ग्रॅम
- स्टेनलेस स्टील, 0.8 मिलिमीटर पत्रा: साधारण 445 ग्रॅम
- पितळ, 1 मिलिमीटर पत्रा: साधारण 600 ग्रॅम
- टायटॅनियम, 0.4 मिलिमीटर पत्रा: साधारण 130 ग्रॅम

पातळ स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यात फरक पडतो तो 90 ग्रॅमचा. एका केळ्याएवढं वजन. पितळ मात्र तिप्पट जातं. त्यामुळे "स्टील जड, जर्मन हलकं" एवढंच डोक्यात धरून दुकानात जाऊ नये. पत्रा बोटांनी चाचपून बघावा, शक्य असेल तर दुकानातल्या काट्यावर भांडं ठेवून बघावं.

आणखी एक गोष्ट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वर पाणी मिळणार की नाही हे आधी गावातल्या माणसाकडून विचारून घेतलं, तर भांड्यात वाचेल त्याच्या कितीतरी पट वजन वाचतं. रांगण्यावर तळं आहे. सगळ्याच गडांवर उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकत नाही.

जर्मनचा टोप: कशाला चांगला, कशाला नाही

गावाकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. स्वस्त, हलकं आणि आठवडा बाजारात सहज मिळणारं. उष्णता पसरवण्यात ते स्टीलच्या सुमारे 15 पट सरस आहे. त्यामुळे जाळ एकाच जागी लागला तरी बुडाला सगळीकडे सारखी ऊब जाते आणि भात, पेज, पोहे सहसा करपत नाहीत. पाणीही लवकर तापतं.

अडचण आंबटाची आहे. आपल्याकडचं जेवण आंबटाशिवाय पुरं होत नाही. बांगड्याच्या तिखल्यात आमसुलं, सोलकढीत आगळ, आमटीत चिंच किंवा कैरी. आंबट आणि मीठ एकत्र आलं की साध्या ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळतो आणि धातू अन्नात उतरतो. आगळात तर कोकमाचा आंबटपणाही आहे आणि मीठही भरपूर. म्हणून जर्मनच्या टोपात आगळ ओतून ठेवू नये, सार किंवा तिखलं रात्रभर ठेवू नये. शिजवायचंच झालं तर लगेच काढून वाढावं.

घाबरून जायचं कारण नाही. एखाद्या वेळच्या जेवणाने धडधाकट माणसाला काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2011 साली आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम अशी ठरवली आहे. रक्तात शोषलं गेलेलं ॲल्युमिनियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. त्यामुळे ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र रोजच्या रांधण्यात आंबटासाठी हे भांडं टाळावं.

खरी काळजी वेगळी आहे, ती शिशाची. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसं असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. 2025 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून गेलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरू शकतं, असा इशारा दिला होता. शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना आणि गरोदर बायांना होतो. म्हणून बिननावाचं, कुठून आलं ते न कळणारं ओतीव भांडं दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी घेऊ नये. 2024 साली केंद्र सरकारने ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला. दुकानात तो मार्क मागावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीचा मानक क्रमांक आयएस 1660 आणि स्टीलसाठी आयएस 14756 असा आहे.

काळं ॲनोडाइज्ड भांडं

हल्ली घरात काळपट, खरखरीत दिसणाऱ्या कढया आल्या आहेत. ते हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम. विजेच्या प्रक्रियेने धातूच्या पृष्ठभागावर जाड, कठीण थर तयार केलेला असतो. त्यामुळे आंबटाचा परिणाम पुष्कळ कमी होतो आणि वजन हलकंच राहतं. ट्रेकिंगसाठी मिळणारे, एकात एक बसणारे बरेचसे टोप याच प्रकारचे असतात. किंमत जर्मनपेक्षा जास्त. जपायचं एवढंच की राखेने किंवा तारेच्या घासणीने घासायचं नाही. थर गेला की ते साधं ॲल्युमिनियमच उरतं.

नॉनस्टिक भांडं मात्र जाळावर नेऊ नये. त्यावरचा टेफ्लॉनचा थर 260 अंश सेल्सिअसच्या वर गेला की बिघडायला लागतो आणि रिकामं भांडं जास्त तापलं तर त्यातून घातक धूर निघतो. लाकडाच्या जाळावर तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही.

स्टील: आंबटाचा सोबती

कोकम, चिंच, टोमॅटो, दही यांतलं काहीही स्टीलमध्ये बिनधास्त शिजवता येतं आणि ठेवताही येतं. घासायला सोपं, आपटलं तरी पोचा फारसा पडत नाही, जाळावर रिकामं राहिलं तरी वितळत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. पेटत्या निखाऱ्यांवर पाणी आटलेला जर्मनचा टोप विसरला तर त्याचं बूड वाकडं होतं, कधी भोकही पडतं.

स्टीलचा दोष म्हणजे उष्णता पसरत नाही. जिथे जाळ लागतो तिथेच तापतं. पातळ स्टीलच्या टोपात भात करायचा तर जाळ मंद ठेवावा, पाणी थोडं जास्त घालावं आणि तळ सुटतो का ते बघत राहावं.

किनारपट्टीवर स्टील घेताना एक खुबी माहीत असावी. खाऱ्या वाऱ्यात हलक्या प्रतीच्या स्टीलवर तपकिरी ठिपके पडतात. 304 प्रतीचं स्टील, ज्यावर कधी 18/8 असं लिहिलेलं असतं, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 प्रतीत निकेल कमी असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजाला लवकर बळी पडतं. "लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे चांगलं स्टील" असं पुष्कळ जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. चुंबक 304 ला चिकटत नाही, तसा तो 202 लाही सहसा चिकटत नाही. म्हणून चुंबकापेक्षा भांड्यावरचा शिक्का आणि बिल जास्त कामाचं.

पितळ, तांबं, मातीचं भांडं आणि टायटॅनियम

पितळ-तांब्याची भांडी घरी शोभतात, पाठीवर नाही. कल्हई उडालेल्या पितळी टोपात आंबट शिजवलं तर तांबं अन्नात उतरतं आणि ओकाऱ्या, पोटदुखी होऊ शकते. कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे उघड्या जाळावर रिकामं भांडं तापलं की कल्हई गेलीच म्हणून समजा.

मातीच्या मडक्यातलं तिखलं चवीला सरस, पण चढणीवर मडकं फुटतं आणि जेवण जमिनीवर जातं.

टायटॅनियमची जाहिरात मोबाईलवर पुष्कळ दिसते. ते खरंच हलकं आहे, गंजत नाही, आंबटाला दाद देत नाही. पण एक लहान टोप हजारो रुपयांना पडतो आणि उष्णता पसरवण्यात तो स्टीलच्याच जवळपासचा. एकट्याने पंधरा-पंधरा दिवस हिमालयात चालणारा माणूस त्यात नुसतं पाणी उकळतो आणि तयार खाण्यावर ओततो, त्याला तो परवडतो. भात-आमटी करणाऱ्या चार जणांच्या गटाने त्यावर पैसे घालवायची गरज नाही.

चार माणसांसाठी काय न्यावं?

चार जणांना एका वेळेला अर्धा किलो तांदळाचा भात पुरतो. शिजून तो साधारण दोन लिटर जागा घेतो. उतू जाण्यासाठी मोकळी जागा धरून तीन लिटरचा टोप हवा. आमटी किंवा मासळीसाठी दोन लिटरचा पुरतो. एकात एक बसणारे दोन टोप निवडावेत, म्हणजे पिशवीत जागा एकाचीच लागते. आतल्या टोपात कांदे, मसाल्याच्या पुड्या, काडेपेटी भरून घ्यावी.

आपल्या जेवणाच्या पद्धतीला सगळ्यात सोयीची जोडी अशी: मोठा टोप ॲल्युमिनियमचा, भात आणि पाणी तापवायला. लहान टोप पातळ स्टीलचा, आंबटासाठी. मोठा 250 ग्रॅम आणि लहान 280 ग्रॅम, दोन्ही मिळून साधारण 530 ग्रॅम. चौघांत वाटलं तर माणशी 130 ग्रॅमच्या आसपास. दोन्ही जर्मनचे घेतले असते तर माणशी वीस-पंचवीस ग्रॅमच वाचले असते. तेवढ्यासाठी सारातली चव आणि तब्येत पणाला लावण्यात अर्थ नाही.

घेताना आणखी या गोष्टी बघाव्यात:

- काठ बाहेर वळलेला असावा, म्हणजे सांडशीची पकड घट्ट बसते. प्लॅस्टिकची मूठ जाळावर वितळते.
- बूड सपाट आणि रुंद असावं. उंच, निमुळतं भांडं दगडांवर कलंडतं.
- झाकण हवंच. झाकणाशिवाय इंधन जास्त जळतं. पसरट ताटली झाकण म्हणून घेतली तर तीच वाढायला चालते.
- सांडशी विसरू नये. कपड्याने टोप उचलताना होणारे अपघात सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखे असतात.
- ताटांचं वजन नेऊ नये. केळीची पानं किंवा पत्रावळी नेल्या की भागतं.

तांदूळही विचार करून न्यावा. उकडा तांदूळ शिजायला वेळ आणि इंधन जास्त खातो. न्यायचाच असेल तर चढायच्या आधी तासभर भिजत घालावा. नाहीतर सुरय तांदूळ किंवा पोहे बरे.

कुकर न्यावा का?

समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. जसं वर जावं तसा हा आकडा उतरतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर, 5,364 मीटरवर, पाणी 82-83 अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही, म्हणून मोहिमांत कुकर नेतात. आंबोली साधारण 700 मीटरवर आहे. तिथे फरक दोन-अडीच अंशांचाच पडतो. त्यामुळे आपल्याकडच्या एका रात्रीच्या मुक्कामाला दीड-दोन किलोचा कुकर पाठीवर घेण्याची गरज नाही. मुगाची डाळ भिजवून नेली तर साध्या टोपात शिजते. गट दहा-पंधरा जणांचा असेल आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल, तर कुकर इंधन वाचवतो.

पाणी उकळण्यासाठीही टोप लागतो

ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून तसंच पिऊ नये. कोकणात लेप्टोस्पायरोसिस, ज्याला सगळे लेप्टो म्हणतात, तो उंदीर आणि गुरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. कावीळ, जुलाब हेही पाण्यातूनच. पाणी फडके धरून गाळावं आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावं. मोठा टोप असेल तर रात्रीच तीन लिटर पाणी उकळून सकाळसाठी निवत ठेवता येतं.

इंधन आणि जाळ: इथे चूक परवडत नाही

एक लिटर पाणी गॅसवर उकळायला, झाकण ठेवून आणि वारा नसताना, 13 ते 15 ग्रॅम गॅस लागतो. उघड्यावर वारा सुटला की हाच खर्च दुपटीवर जाऊ शकतो. म्हणून आडोसा बघावा. पण गॅसच्या लहान डब्यावर बसवलेल्या बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा चारी बाजूंनी बंद करू नये. उष्णता आत कोंडते, डबा तापतो आणि फुटण्याचा धोका असतो. अशा बर्नरवर फार रुंद टोपही ठेवू नये. टोपाची धग खाली डब्यावर येते, शिवाय तो कलंडतो.

तंबूच्या आत कधीही रांधू नये. स्टोव्ह असो की निखाऱ्याची शेगडी, बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस दगावतो.

गॅसचा डबा किंवा रॉकेल घेऊन कोकण रेल्वेच्या गाडीत चढू नये. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 प्रमाणे धोकादायक वस्तू बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईहून येणाऱ्या चाकरमानी मित्रांना हे आधीच सांगून ठेवावं. गॅस इथेच घ्यायला सांगावं.

राखीव जंगलात चूल पेटवणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. मुक्कामाला जाण्याआधी वनखात्याकडे विचारावं. परवानगी असेल तिथेही तीन दगडांची चूल मोकळ्या जमिनीवर, सुक्या गवतापासून लांब मांडावी. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून हात लावून बघावं. थंड लागले तरच निघावं. दोडामार्ग भागात रानहत्तींचा वावर आहे. तिथे उरलेलं अन्न, खरकटी भांडी तंबूजवळ ठेवून झोपू नये.

भाजलं तर भाजलेली जागा वाहत्या किंवा साध्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरावी. टूथपेस्ट, तूप, शाई, हळद लावू नये. फोड फोडू नयेत. तोंड, हात किंवा मोठा भाग भाजला असेल तर थेट दवाखाना गाठावा.

होडीवर रांधताना

मासेमारी बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या की त्यांच्यावरही चूल पेटते. तिथे वजनापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा. उंच कडेचा, सपाट बुडाचा स्टीलचा टोप घ्यावा, दोन तृतीयांशच्या वर भरू नये आणि स्टोव्हभोवती टोप अडकून राहील असं लोखंडी कडं असावं. खाऱ्या पाण्याने धुतलेली ॲल्युमिनियमची भांडी खड्डे पडून लवकर खराब होतात. बंदराला लागल्यावर ती गोड्या पाण्याने विसळून कोरडी करावीत.

भांडी टिकवायची तर

चुलीवर ठेवण्याआधी टोपाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. काजळी लेपाबरोबर निघून जाते. घासायला नारळाचं सोडण आणि राख पुरते, फक्त ॲनोडाइज्ड भांड्याला राख लावू नये. भांडी ओढ्यात बुडवून साबणाने घासू नयेत. पाणी बाजूला घेऊन धुवावं, कारण तोच ओढा खालच्या वाडीत पिण्याला वापरला जातो.

साध्या जर्मनच्या टोपाला आतून खोल खड्डे पडले, ॲनोडाइज्डचा काळा थर निघाला किंवा बूड फुगून डुगडुगायला लागलं, की ते भांडं रांधण्यातून बाद करावं. फुलझाडाला चालेल, जेवणाला नाही.